मीरनेसच्या ठिय्यावरची डावखुरी

मी एक जुनी शिकारी रायफल आहे, आणि त्यातही डावखुरी. मित्रांनो, ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते सगळं तिच्यापायी घडलं. तुमच्यापैकी कुणी रायफल हातात घेतली नसेल, म्हणून थोडं समजावते. मला एक बोल्ट आहे, दाराच्या कडीसारखा. एक गोळी झाडली की तो वर उचलायचा, मागे ओढायचा, मग रिकामं काडतूस बाहेर उडतं. पुन्हा पुढे ढकलून खाली दाबला की नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. जगातल्या बहुतेक रायफलींचा बोल्ट उजव्या अंगाला असतो. माझा डाव्या अंगाला आहे. फरक म्हणाल तर एवढाच, पण त्यावरून लोकांनी मला आयुष्यभर चिडवलं.

माझा जन्म स्वीडनच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. माझा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, अक्रोडाच्या लाकडाचा आहे आणि त्यावरच्या रेषा, स्वतःचं कौतुक करू नये असं म्हणतात तरी सांगते, फार सुरेख आहेत. ज्या कारागिराने माझा बोल्ट बसवला तो दिवसभर कुरकुरत होता. "सगळी यंत्रं फिरवून लावायची, आणि ते कुणासाठी? वर्षातून एखादा येतो," असं तो शेजाऱ्याला म्हणाला. पण काम त्याने चोख केलं. बोल्ट इतका गुळगुळीत बसला की मला उभी धरली तर तो आपल्या वजनानेच सरकायचा.

तिथून मी आगगाडीने खूप वर, उत्तरेला आले आणि हिल्मरच्या दुकानात भिंतीवर लागले. हिल्मर हा गोल पोटाचा, बोलघेवडा दुकानदार होता. गळ, बूट, कुत्र्यांचे पट्टे आणि बंदुका असं सगळं तो एकाच छपराखाली विकायचा. गिऱ्हाईक यायचं, माझ्या लाकडाकडे बघून खूश व्हायचं, मला उचलायचं आणि उजव्या हाताने बोल्ट शोधायचं. तिथे काहीच नसायचं. मग हसू. मग मी पुन्हा भिंतीवर. माझ्या आजूबाजूच्या रायफली आल्या तशा गेल्या, आणि हिल्मरची बायको दर वसंतात माझ्यावरची धूळ झटकत राहिली. मला वाटायला लागलं होतं की आपण भिंतीवरच म्हाताऱ्या होणार.

आणि एका मे महिन्यात अल्गोट आला.

अल्गोट सुतार होता. साठी ओलांडलेला, उंच, हाताचे पंजे फावड्याएवढे. गावातल्या खिडक्या आणि होड्या त्याच्याच हातच्या. त्याच्याबरोबर त्याची बायको मायकेन होती. तिच्या हातात एक भलीमोठी पिशवी होती.

"उजवा डोळा गेला," अल्गोट हिल्मरला म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण तो हिल्मरकडे बघतही नव्हता. "मधोमध धुकं आहे. डॉक्टर म्हणतात, ते आता उठायचं नाही. डावा चांगला आहे."

"मग सोपं आहे," हिल्मर म्हणाला. "तुझ्या जुन्या रायफलीचा दस्ता वाकडा करून देतो. खांदा उजवा, डोळा डावा. नाहीतर तीच घे डाव्या खांद्याला आणि बोल्ट वरून हात टाकून ओढ. नवीन कशाला?"

"वरून हात टाकायचा म्हणजे डोळा जागेवरून हलणार. डोळा हलला की जनावर हरवणार." अल्गोटने मान हलवली. "नाही हिल्मर. मला नीट शिकायचंय, नव्यानं."

"या वयात?"

"याचं वय माझ्यावर सोड," मायकेन म्हणाली. "तू रायफल दाखव."

मित्रांनो, अल्गोट एवढा अडून का बसला होता ते सांगायला हवं. त्या भागात शरद ऋतूत मूस नावाच्या मोठ्या हरणाची शिकार होते, आणि ती गावाची सगळी मंडळी मिळून करतात. प्रत्येकाला जंगलात बसायची एक जागा असते. तिला आपण ठिय्या म्हणू. अल्गोटचा ठिय्या मीरनेसचा. दलदलीत घुसलेलं जमिनीचं एक टोक, त्यावर एक वाकडा पाइन आणि एक ओंडका. त्याचे वडील तिथेच बसायचे. पण दरवर्षी ऑगस्टमध्ये सगळ्यांना नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. जो नापास होतो त्याला ठिय्या मिळत नाही. तो मांस कापायच्या शेडमध्ये सुऱ्यांना धार लावतो. अल्गोटला त्या शेडची धास्ती होती. माणूस एकदा शेडमध्ये गेला की परत जंगलात येत नाही, असं त्याने पाहिलं होतं.

हिल्मरने मला भिंतीवरून काढलं. अल्गोटने दोन्ही डोळे मिटले, मला डाव्या खांद्याला लावलं, गाल दस्त्यावर टेकवला आणि मग डोळा उघडला. अशाने रायफल आपल्याला बसते की नाही ते लगेच समजतं. डोळा उघडल्यावर नळी सरळ दिसली पाहिजे, मान वाकडी करावी लागता कामा नये. नळी सरळ दिसली. त्याने डाव्या हाताने बोल्ट ओढला. माझा तो गुळगुळीतपणा त्याच्या सुतारी बोटांना लगेच कळला. त्याने मला खाली ठेवलं नाही.

"झालं मग!" हिल्मर म्हणाला.

"थांब," मायकेन म्हणाली, आणि तिने पिशवीतून अल्गोटचा जाड लोकरी शिकारी कोट काढला. "हा घाल."

"मायकेन, मे महिना आहे. मी शिजून निघेन."

"घाल म्हणते ना. शिकार काय सदऱ्यावर करणार आहेस?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसायला लागली. अल्गोटने कोट घातला, लाल झाला, आणि मला पुन्हा खांद्याला लावायला गेला. आणि काय! दस्ता काखेत कोटाला अडकला. सदऱ्यावर नीट बसणारी मी कोटावर बोटभर लांब झाले होते. हिल्मरने मुकाट्याने खडूने खूण केली आणि माझा दस्ता मागून कापायचं ठरलं. मला भीती वाटली, पण खरं सांगते, ते बोट गेल्यावरच मी त्याची झाले.

काडतूस कोणतं घ्यायचं यावर पुन्हा वाद झाला. हिल्मर म्हणाला, मूससाठी मोठ्यात मोठं घ्यावं, एका दणक्यात आडवा. अल्गोट म्हणाला, मोठ्याचा धक्काही मोठा, आणि धक्क्याला भिणारा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. तो मध्यम घेऊन मोकळा झाला. नेम धरायची दुर्बीण मात्र मायकेनने निवडली असं म्हटलं तरी चालेल. तिचं एकच म्हणणं होतं. "एकच डोळा उरलाय. या नळकांड्याची कड भुवईवर आपटता कामा नये. काय वाट्टेल ते कर, पण ती लांब बसव." म्हणून हिल्मरने दुर्बीण पुढे सरकवत सरकवत चार बोटं अंतर ठेवलं, तेही कोट घालून मोजून.

घरी आल्यावर अल्गोटने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. कारखान्याचं चिकट ग्रीस पुसून काढलं, नळीतून कापड फिरवलं, प्रत्येक स्क्रू तपासला. दुर्बिणीतली उभी रेघ सरळ आहे का हे बघायला त्याने खिडकीत आपला ओळंबा टांगला आणि त्याच्या दोरीशी रेघ जुळवली. खिडकी बसवताना जेवढा वेळ तो घ्यायचा तेवढाच माझ्यावर घेतला. मग रेतीच्या खाणीत नेऊन वाळूच्या पिशव्यांवर मला ठेवलं आणि दूरवरच्या कागदावर गोळ्या झाडल्या. पहिल्या खाली आणि उजवीकडे गेल्या. त्याने दुर्बिणीवरचा छोटा स्क्रू थोडा फिरवला. नळी तापली की गोळी भटकते, म्हणून दोन बारांमध्ये तो मला थंड होऊ द्यायचा आणि ती दोघं थर्मासमधली कॉफी पीत बसायची. संध्याकाळपर्यंत कागदावरची भोकं कॉफीच्या कपाच्या बुडाखाली झाकली जातील इतकी जवळ आली.

"म्हणजे रायफल तयार झाली," मायकेन म्हणाली.

"रायफल झाली," अल्गोट म्हणाला. "मी राहिलोय."

त्याचं बरोबर होतं. चाळीसएक वर्षं त्याचा उजवा हात बोल्ट ओढत आला होता. तो हात म्हातारा, हट्टी आणि स्वतःच्या मताचा होता. डोक्याने सांगितलं तरी बार झाला की तो उडून उजवीकडे जायचा आणि हवेत चाचपडायचा. मग दोघांनी एक युक्ती काढली. अल्गोट दारू नसलेली पोकळ काडतुसं घेऊन खिडकीपाशी बसायचा आणि मायकेन बटाटे सोलता सोलता मधेच ओरडायची, "आलं!" की त्याने मला उचलायचं, चाप ओढायचा आणि डाव्या हाताने बोल्ट मागेपुढे करायचा.

"आलं!" आणि उजव्या हाताने चीजची बशी उडवली.

"गाईच्या चीजची शिकार झाली," मायकेन म्हणाली. "उचल आता ती आणि पुन्हा बैस."

तो सगळा उन्हाळा मला फार आवडला. खिडकी उघडी असायची, बाहेर रात्री उशिरापर्यंत उजेड असायचा. बंदुकीच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ बटाट्यांच्या सालींजवळ गेला असं सांगितलं तर इतर बंदुका हसतील. हसोत. कपाटात माझ्या शेजारी अल्गोटच्या वडिलांची जुनी उजवी रायफल उभी असायची. ती तर माझ्याशी वर्षभर बोललीच नाही.

ऑगस्टमध्ये परीक्षेचा रविवार आला. गावाच्या मैदानावर रुळांवरून पळणारा प्लायवूडचा मूस असतो. आधी उभ्यावर नेम धरायचा, मग पळत्यावर. शिकारी मंडळींचा म्होरक्या होता सिक्स्टन. तो आणि अल्गोट शाळेत एका बाकावर बसलेले. सिक्स्टनच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

"अल्गोट, ही आरशात बघून विकत घेतलीस का रे?" त्याने मला बघताच विचारलं, आणि सगळं मैदान हसलं.

"हो. आणि आरशातही तू तेवढाच कुरूप दिसलास," अल्गोट म्हणाला.

पण त्या दिवशी हसू सिक्स्टनकडेच राहिलं. उभ्या मूसवर माझी एकही गोळी वाया गेली नाही. पळता मूस आला, पहिला बार लागला, आणि तो म्हातारा उजवा हात उडाला. मूस रुळांवरून परत धावत निघून गेला तरी दुसरा बार झालाच नव्हता.

सिक्स्टन जवळ आला. आता तो हसत नव्हता. "मी तुला मित्र म्हणून पास करणार नाही."

"मी मागितलं का?"

"नाही. पण तुझ्या तोंडावरून मला मोह होतोय, म्हणून सांगून ठेवलं. पुढच्या रविवारी ये."

पुढच्या रविवारी अल्गोट पास झाला. जेमतेम झाला, पण झाला. घरी येऊन त्याने मला तेल लावलं तेव्हा तो शीळ घालत होता.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्या गावात काही चालत नाही. लाकडाची गिरणी बंद, पोस्ट अर्धवट, पाव मिळाला तर नशीब. सगळे जंगलात. त्या वर्षी सप्टेंबरभर मीरनेसला काही फिरकलं नाही. ऑक्टोबरात पहिलं पातळ बर्फ पडलं. त्या सकाळी वॉकीटॉकीवर सिक्स्टनचा आवाज आला. "येप्पेला सापडलेत. मादी आणि पाडस. मीरनेसकडे चाललेत. अल्गोट, जागा आहेस ना?" येप्पे म्हणजे सिक्स्टनचा राखाडी कुत्रा.

शिकारीचा तिथला एक नियम फार कडक आहे. मादीबरोबर पाडस असेल तर मादीला हात लावायचा नाही, पाडसालाच टिपायचं. आईविना पाडस हिवाळ्यात तडफडून मरतं. तसं कुणी केलं तर लोक त्याच्याशी बोलत नाहीत. अल्गोटने वाट पाहिली. मादी दलदल ओलांडून गेली. मागून पाडस आलं आणि आडवं उभं राहिलं. अल्गोटने चाप ओढला. मी माझं काम केलं. पाडस अडखळलं, पण पडलं नाही. अशा वेळी दुसरी गोळी लगेच द्यायची असते, जनावराने दुखणं घेऊन पळू नये म्हणून.

आणि त्याचा उजवा हात उडाला.

माझ्या उजव्या अंगाला, जिथे काहीच नाही, तिथे तो हात चाचपडत राहिला. एक श्वासभर. तेवढ्यात पाडस झाडीत गेलं. मित्रांनो, मी लोखंडाची आणि लाकडाची आहे, पण त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं, अरे, इकडे, मी इकडे आहे!

"मारलं, पण पडलं नाही," अल्गोट वॉकीटॉकीवर म्हणाला. "दुसरी झाली नाही. चूक माझी."

सिक्स्टन येप्पेला घेऊन आला. बर्फावर रक्ताचे ठिपके होते. सिक्स्टनने अल्गोटला थांबायला सांगितलं, पण तो ऐकेना. मला खांद्याला अडकवून तो पुढे चालत राहिला, दलदलीतून, पडलेल्या झाडांवरून. दुपार सरत आली तेव्हा येप्पे भुंकायला लागला. एका उन्मळलेल्या स्प्रूस झाडाच्या मुळांखाली पाडस बसलं होतं. जिवंत. मान वर करून आमच्याकडेच बघत होतं.

सिक्स्टनने स्वतःची रायफल काढली. अल्गोटने हाताने ती खाली केली. तो गुडघ्यावर बसला, मला डाव्या खांद्याला लावलं आणि एका गोळीत ते संपवलं. बार होताच त्याच्या डाव्या हाताने बोल्ट मागे ओढून पुढे केला होता. आता त्याची गरज नव्हती.

"मीरनेस दुसऱ्या कुणाला तरी दे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, दोन्ही. "दिवसभर भोगलं त्याने माझ्यापायी. मी शेडमध्ये बसतो."

"आज काही ठरवायचं नाही," सिक्स्टन म्हणाला. "ओल्या मोज्यांत आणि उपाशी पोटी माणसानं काही ठरवू नये. चल, धर त्याचे पाय."

संध्याकाळी शेडमध्ये मांसाचे वाटे झाले. तिथली रीत अशी की वाटे जमिनीवर मांडतात. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्यावर पाय ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि न बघता तो नाव घेतो. म्हणजे कुणावर अन्याय नको. त्या दिवशी भिंतीकडे सिक्स्टन उभा होता. अल्गोटने आधीच सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नका, मला वाटा नको.

"हा कुणाचा?"

"अल्गोटचा," सिक्स्टन भिंतीला म्हणाला.

"मी नको म्हटलं ना?"

"मला मागचं दिसत नाही, आणि आज ऐकूही येत नाही. हा अल्गोटचा. पुढचा?"

शेडमध्ये कुणी हसलं नाही. परीक्षेपासून माझी थट्टा करणाऱ्या त्या माणसाने त्या दिवसाबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. तेव्हापासून मी त्याचे सगळे विनोद माफ केले.

तो वाटा घेऊन अल्गोट घरी आला. मायकेनने सगळं ऐकून घेतलं, भांडं चुलीवर ठेवलं आणि बटाटे सोलायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आलं!" अल्गोट तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मला उचललं. तो अख्खा हिवाळा ती ओरडत राहिली, भांडी घासताना, लोकर विणताना, एकदा तर पाद्रीबुवा कॉफीला बसलेले असताना. पुढच्या ऑगस्टपर्यंत तो म्हातारा उजवा हात शेवटी माझ्या दस्त्याखाली शांत राहायला शिकला.

त्यानंतरचे शरद माझे होते. किती आठवणी सांगू! पहाटे माझ्या नळीवर दहिवर जमायचं आणि अल्गोट ते बाहीने पुसायचा. ओंडक्यावर बसून तो तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकायचा, आणि जंगलातले तांबूस शेपटीचे पक्षी पावासाठी त्याच्या बुटांवर येऊन बसायचे. कित्येक दिवस मी एकदाही न झाडता घरी यायची आणि आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटायचं नाही. जेव्हा झाडली तेव्हा जनावर दोन पावलं चालून खाली बसलं. हिल्मर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मीरनेसची डावखुरी माझ्याच दुकानातली." त्याने मला किती वर्षं भिंतीवर वाळवलं ते मात्र सांगायचा नाही.

मग एका वर्षी मला जाणवलं की अल्गोट दुर्बिणीतून बघताना डोळा किंचित बाजूला वळवतोय. कॉफी ओतताना तो कपाच्या कडेला बोट ठेवू लागला होता. परीक्षा तो पास झाला, कारण प्लायवूडचा मूस कुठून कुठे पळतो ते त्याला पाठ होतं. मायकेनने एकदा विचारलं, "डोळा ठीक आहे ना?" तो म्हणाला, "चष्मा पुसायला झालाय." मला ते खोटं वाटलं, आणि बहुतेक तिलाही.

ऑक्टोबर होता. दलदलीवर ऊन पडलं होतं. वॉकीटॉकी बोलला. "मीरनेस, तुझ्याकडे येतायत. मादी आणि पाडस."

ती आली. मादी पुढे गेली. पाडस आमच्या समोर येऊन आडवं उभं राहिलं, इतकं जवळ की त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती. अल्गोटने मला खांद्याला लावलं. मी सरळ बसले, जशी नेहमी बसायची. त्याचं बोट चापावर आलं. दुर्बिणीत मधोमध, जिथे दोन रेघा एकमेकींना भेटतात, तिथे त्याच्यासाठी धुकं होतं. बाजूला बघितलं तर कान दिसायचे, पाय दिसायचे. सरळ बघितलं की पाडस नाहीसं. अंदाजाने मारता आलं असतं. कदाचित बरोबरही लागलं असतं. त्याचं बोट माझ्या चापावर दाबत गेलं, आणि थांबलं. मी वाट पाहत होते.

मग बोट उचललं गेलं. त्याने डाव्या हाताने बोल्ट उघडला, काडतुसं एकेक करून काढली आणि ओंडक्यावर ठेवली. पाडस थोडा वेळ उभं राहिलं आणि आईच्या मागे चालत निघून गेलं.

"अल्गोट?" सिक्स्टनचा आवाज आला. "आले का?"

काही आलं नाही असं तो म्हणू शकला असता. कुणाला कळलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच ठिय्या, तीच कॉफी. सगळ्या मंडळींच्या हातात वॉकीटॉकी होते आणि सगळ्यांना ऐकू जाणार होतं. त्याने बटण दाबलं.

"आले होते. पाडस समोर उभं होतं, दगड मारला तर लागेल इतकं जवळ. मला दिसलं नाही, सिक्स्टन. उरलेला डोळाही गेला. मी सोडलं."

 मग सिक्स्टन बोलला.

"सगळ्यांनी ऐकलंत? आजची शिकार संपली. कॉफी मीरनेसवर. अल्गोट, आग पेटव, आम्ही येतोय."

जंगलातून एकेक जण येत गेला. कुणी सॉसेज काढलं, कुणी पाव. डोळ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. सिक्स्टन अल्गोटला अगदी खेटून ओंडक्यावर बसला आणि त्याचा कप स्वतः भरत राहिला.

तेव्हापासून मी शिकारीला गेले नाही. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असली तर तिची निगा राखा. तिला कोरडी ठेवा, तेल लावा, कुलपात ठेवा. अल्गोट हे सगळं आजही करतो, बोटांनी चाचपून करतो आणि एक स्क्रू चुकत नाही. पण त्याने माझी खरी निगा राखली ती त्या सकाळी, मला न झाडता. जे हातात आहे ते चालवता येतं का, हे एकदा स्वतःला खरं खरं विचारा, आणि नसेल येत तर लोकांदेखत सांगा. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे.

अल्गोट शेडमध्ये गेला नाही. दर शरदात सिक्स्टन त्याला हाताला धरून मीरनेसला नेतो आणि तिथे आग सांभाळायला बसवतो. गेल्या वर्षी दलदलीत एक तरणाबांड नर दिसला, नवी शिंगं फुटलेला. सिक्स्टन म्हणाला, "अल्गोट, हा तोच रे, तू सोडलेला. पैज लावतो."

"मला काय विचारतोस?" अल्गोट म्हणाला. "मी त्याला बघितलंच कुठं होतं!"